उस्ताद प्रोकोपिसची अन्ननलिका

प्रोकोपिस कावादेलिस माझा मेव्हणा. माझ्या धाकट्या बहिणीनं, इफ्तेर्पीनं, त्याच्याशी लग्न केलं तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी एवढंच म्हणालो असतो, की या माणसाला घाम आलेला कुणी पाहिलाय का? आमच्या प्लोमारी गावात जुलै महिन्यात घाम न येणारा माणूस एकतर मेलेला असतो, नाहीतर सावलीत बसलेला. प्रोकोपिस चांगला जिवंत होता.

साबणाच्या कारखान्यात आम्ही दोघं एकदमच लागलो. मला बादल्या मिळाल्या. खाली काहिलीत शिजलेला साबण बादलीत भरायचा, खांद्यावर पोत्याची घडी टाकायची, वर बादली घ्यायची आणि जिना चढून माडीवरच्या फरशीवर ओतायचा. बादली हिंदकळली तर मान भाजते. म्हणून घाई करायची नाही आणि थांबायचंही नाही. अर्धी बादली नेणारा गडी आम्ही न बघता ओळखायचो. त्याच्या पायाचा आवाजच जिन्यावर वेगळा येतो.

प्रोकोपिसला जिभेचं काम मिळालं.

तेल आणि कॉस्टिकचं, म्हणजे कातडी जाळणाऱ्या सोड्याचं, पाणी काहिलीत दिवसेंदिवस शिजतं. तेलानं सगळं कॉस्टिक खाऊन टाकलं की नाही, हे त्या काळी आमच्याकडे जिभेनं ठरवत. लाकडी पट्टीवर थोडा साबण घ्यायचा, निववायचा आणि जिभेच्या शेंड्याला लावायचा. चावला तर अजून शिजवायचा. नाही चावला तर उतरवायचा. जुन्या उस्तादानं मरायच्या आधी ही विद्या प्रोकोपिसला दिली, आणि त्याची जीभ खरंच चांगली होती. ते मी नाकारत नाही. पण काम किती वेळाचं? थुंकायला लागतो तेवढ्या वेळाचं. उरलेला दिवस तो दाराशी, समुद्राचा वारा येतो तिथं, तिवईवर बसून जीभ जपायचा.

"मेव्हण्या," तो मला म्हणायचा, "तुझा खांदा दुखला तर दुसरा खांदा आहे. मला जीभ एकच."

चाखायची वेळ आली की सगळ्यांनी हातातलं काम थांबवावं अशी त्याची अपेक्षा असे. डोळे मिटायचा. हात वर करायचा. साबणाच्या वड्या कापणारा ख्रिसान्थोस माडीवरून वाकून म्हणायचा, "गप्प बसा रे, उस्तादांची जीभ प्रवचन करतेय." लोक हसायचे. प्रोकोपिसला वाटायचं, कौतुकानं हसतात.

घरी त्याचा एक शब्द ठरलेला होता: करीन. दाराची बिजागरी निखळली, करीन. छपराची कौलं सरकली, करीन. इफ्तेर्पी थोडे दिवस वाट बघायची आणि मग शिडी लावून स्वतः चढायची. खालून तो शिडी धरायचा, आणि नंतर कॉफीच्या दुकानात सांगायचा की आज कौलं बसवली.

आता त्या बाटलीबद्दल.

आमच्या गावात दोनच धंदे, साबण आणि ऊझो, म्हणजे आमची बडीशेपेची दारू. त्यामुळे गावात बाटली म्हणजे ऊझोची बाटली. तेल त्यातच, व्हिनेगर त्यातच, आणि घरगुती साबणासाठी कारखान्यातून आणलेलं कॉस्टिकचं पाणीही त्यातच. दिसायला ते ऊझोसारखंच नितळ. म्हणून गावाचा नियम असा, की कॉस्टिकच्या बाटलीच्या गळ्याला लाल चिंधी बांधायची, दोन गाठी मारायच्या, आणि बाटली धुण्याच्या दगडाखाली जमिनीवर ठेवायची. कोनाड्यात कधीच नाही. चालायला शिकलेल्या पोराला आधी हे शिकवतात, मग देवाचं नाव.

त्या उन्हाळ्यात इफ्तेर्पीकडे तेलाचा गाळ साठला होता. तिला साबण करायचा होता. तिनं नवऱ्याला बाटलीभर कॉस्टिक आणायला सांगितलं. मुकादमाकडे मागितलं की तो देत असे, पण फुकट नाही. सुटी झाल्यावर मागे थांबून एक काहील खरवडून द्यावी लागे. मी कितीदा तरी खरवडलीय. पाठ भरून येते, पण मरत नाही कुणी.

प्रोकोपिसनं काहील खरवडली नाही. त्यानं बाटली गुपचूप भरली. चिंधी बांधली असती तर फाटकावर पकडला गेला असता, म्हणून चिंधी बांधली नाही. बाटली कमरेला खोचून तो निघाला. फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, "काय उस्ताद, तुमच्या नावाच्या संताचा दिवस अजून लांब आहे, आतापासूनच सुरुवात?"

"तयारी लागते," प्रोकोपिस म्हणाला.

ही हुशारी त्यानं मला स्वतः सांगितली. खूश होता. घरी जाऊन त्यानं बाटली कोनाड्यात ऊझोच्या बाटल्यांशेजारी ठेवली, कारण कोनाडा दाराजवळ होता आणि धुण्याचा दगड अंगणाच्या पलीकडच्या टोकाला. इफ्तेर्पीला म्हणाला, आणीन एकदोन दिवसांत. तिच्यासमोर आणलंय म्हटलं असतं तर तिनं लगेच चिंधी शोधायला लावली असती. चिंधी तो नंतर बांधणार होता. आणि नंतर विसरला.

संत प्रोकोपिओसचा दिवस जुलैत येतो. त्या दिवशी त्या नावाच्या माणसाच्या घरी आमंत्रण नसताना जायचं, आणि त्यानं आलेल्याला पाजायचं, खाऊ घालायचं, ही आमची रीत. मी गेलो, ख्रिसान्थोस आला, शेजारपाजारचे आले. इफ्तेर्पीनं पहाटेपासून खपून टेबल मांडलं होतं. खारवलेले मासे, काकडी, चीज, बदामाच्या वड्या. प्रोकोपिस पांढरा सदरा घालून सगळ्यांच्या शुभेच्छा घेत होता.

"उस्ताद, घसे वाळले," ख्रिसान्थोस म्हणाला. "का आज शुभेच्छांवरच भागवायचं?"

"आणतो, आणतो," म्हणत तो आत गेला.

यजमानानं पाहुण्यांना आधी ओतावं आणि स्वतः शेवटी घ्यावं. पण प्रोकोपिसची सवय मला ठाऊक होती, त्याच्या बायकोलाही ठाऊक होती. पाहुण्यांसाठी बाटली आणायला गेला की तो आधी आत उभ्यानं एक मोठा पेला स्वतः ओतून घ्यायचा. तोही पाण्याशिवाय. पाणी गाढवांसाठी, असं त्याचं म्हणणं. ऊझोत चमचाभर पाणी टाका, दुधासारखा पांढरा होतो. कॉस्टिक पांढरं होत नाही. तेवढं चमचाभर पाणी त्याला वाचवू शकलं असतं. किंवा नाक. किंवा त्याची ती गावभर गाजलेली जीभ. पण साबणाचा कण शेंड्यावर ठेवून डोळे मिटणारा हा माणूस दारू पिताना मान मागे टाकून सरळ घशात ओतायचा. जिभेला खबरच नाही.

आत पेला फुटला. मग तो दारात आला. तोंड उघडं, हात गळ्याशी, आवाज नाही. पांढऱ्या सदऱ्यावर लाळ गळत होती.

इफ्तेर्पीनं कोनाड्याकडे पाहिलं आणि तिला समजलं. ती मिठाचं पाणी करायला धावली. ख्रिसान्थोसनं तिचा हात धरला.

"ओकवू नकोस, ताई. जाताना जे जाळतं ते येतानाही जाळतं."

मासळीवाल्याच्या ट्रकमधून आम्ही त्याला मितिलिनी शहरातल्या इस्पितळात नेलं. डॉक्टरनं विचारलं, किती प्यायला? कुणीतरी म्हणालं, एकच घोट. मी म्हणालो, "डॉक्टर, त्याचा घोट तुम्हाला माहीत नाही."

रीत पाळून त्यानं आम्हाला आधी ओतलं असतं तर त्या दिवशी टेबलाभोवतीचे सगळे गळे जळाले असते. त्याच्या हावरेपणानं आम्ही वाचलो. त्याच्या हातून घडलेलं तेवढं एक पुण्य मी मान्य करतो.

तो जगला. बारीक होऊन घरी आला आणि आवाज परत येताच त्यानं पहिलं काम केलं ते कारणं शोधायचं. आधी म्हणाला, कारखान्यातल्या बाटल्या नीट ठेवत नाहीत. मग म्हणाला, कुणीतरी मुद्दाम केलं, जिभेवर जळणारे पुष्कळ आहेत. शेवटी बघायला येणाऱ्यांना सांगू लागला, की बायकांना काय, कुठली बाटली कुठं ठेवतील नेम नाही. इफ्तेर्पी तिथंच उभी असायची, पाहुण्यांना कॉफी देत. मी बोलणार होतो. तिनं डोळ्यांनी मला गप्प केलं.

सुरुवातीला दूध उतरायचं, रस्सा उतरायचा. तो म्हणाला, बघा, मी बरा झालो. मग आतली भाजलेली कातडी भरून येताना आवळत गेली. रस्सा अडकू लागला. मग पाणी अडकू लागलं. पुढं पुढं स्वतःची थुंकीही त्याला डब्यात टाकावी लागे. त्याला परत मितिलिनीला नेलं. तिथं पोटाला भोक पाडून रबरी नळी बसवली. इफ्तेर्पीनं मांसाचं पाणी गाळायचं, नळीला नरसाळं लावायचं आणि ओतायचं. तो डोळे मिटून पडायचा, कारण त्याला ते भोक बघवत नसे. ती बघायची. रोज, सकाळ-दुपार-संध्याकाळ.

डॉक्टरनं सांगितलं की हे कायमचं नाही. त्यानं रबरी सळया दिल्या, बोटापेक्षा बारीक ते अंगठ्यापेक्षा जाड. बारीकपासून सुरू करायची. तेल लावायचं, तोंडात घालायची, गिळत गिळत खाली न्यायची, थोडा वेळ तशीच ठेवायची आणि काढायची. रोज सकाळी, एकही दिवस न चुकता. हळूहळू वाट मोठी होत जाईल. वाट मोठी झाली की अन्न तोंडानं जाईल, आणि पोटाची नळी काढली की भोक आपोआप भरेल. नाही केलं तर वाट बंद होईल, आणि नरसाळं जन्माचं.

म्हणजे या माणसाच्या आयुष्यात पहिल्यांदा असं काम आलं होतं, जे दुसरा कुणी करून देऊ शकत नव्हता.

इफ्तेर्पी सळई उकळायची, तेल लावायची आणि ताटलीत ठेवून त्याला द्यायची. तो खोलीत जाऊन दार लावून घ्यायचा. आतून ओकारीचे, कण्हण्याचे आवाज यायचे. शेजारणी छातीवर क्रूसाची खूण करायच्या. बऱ्याच वेळानं तो भिंतीला धरून बाहेर यायचा आणि खुर्चीत पडायचा. इफ्तेर्पी त्याला वारा घालायची.

एका सकाळी मी तिथं होतो. त्यानं ताटली टेबलावर ठेवली. मी सळई उचलून पाहिली. तेल जसंच्या तसं होतं, बहिणीच्या बोटांचे ठसेसुद्धा. फक्त शेंडा ओला.

"मेव्हण्या," मी म्हणालो, "या सळईनं आज जिना चढलेला नाही."

"तुला काय कळतं यातलं?"

"बादली वाहून आलेल्या माणसाच्या खांद्यावर वळ असतो. एवढं कळतं."

त्यानं दाराकडे पाहिलं, ती ऐकतेय का म्हणून. मग हळू आवाजात म्हणाला, "फार त्रास होतो रे. आज अंगात ताकद नव्हती. उद्या करीन."

"कण्हायला बरी ताकद होती."

इफ्तेर्पी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं ऐकलं होतं. तिनं माझ्या हातून सळई घेतली, पुसली आणि फडक्यात गुंडाळून ठेवली. त्या दिवशीही तिनं नरसाळं लावलं.

पुढच्या तपासणीला मी त्या दोघांबरोबर गेलो. डॉक्टरनं त्याला सगळ्यात बारीक सळई गिळायला लावली. ती अडकली. डॉक्टरनं सळई बाजूला ठेवली आणि विचारलं, "किती दिवस खोटं करताय?"

प्रोकोपिस म्हणाला, "डॉक्टर, माझा गळाच आता कामाचा राहिला नाही."

"गळ्याला दोष देऊ नका," डॉक्टर म्हणाला. तो वयस्क होता, चिडला तरी आवाज चढवत नसे. "त्याचं नाव ठाऊक आहे?"

"इसोफागोस," प्रोकोपिस म्हणाला. तेवढं इस्पितळात कानावर पडून पाठ झालं होतं.

"म्हणजे काय?"

प्रोकोपिसनं माझ्याकडे पाहिलं.

"फागोस कळतं सगळ्यांना, ते खाण्याचं. इसो म्हणजे 'नेईन'. आपल्या पूर्वजांच्या बोलीत 'नेतो' म्हणायला एक शब्द होता आणि 'नेईन' म्हणायला अगदी वेगळा. तो 'नेईन' आता आपल्या तोंडात उरला नाही, फक्त घशात उरलाय. खाल्लेलं नेईन, असं त्या नळीचं नाव. काही पंडित दुसरं काही सांगतात. मला हे पटतं, कारण मी तिचं काम रोज बघतो."

मी विचारलं, "डॉक्टर, घास आपल्या वजनानं खाली पडत नाही का?"

"विहिरीत दगड पडतो तसा? नाही. ती त्याला ढकलते. घासाच्या मागं आवळते, पुढं सैल होते, पुन्हा मागं आवळते. तुम्हाला उलटं टांगून पाणी पाजलं तरी ती ते पोटाकडेच नेईल."

उलटं टांगलं तरी. हे मी परतीच्या वाटेवर पुष्कळ वेळ घोळवत बसलो. मी जन्मभर ओझी वाहिली, पण उतरताना बादली रिकामी असायची. तेवढाच विसावा. या नळीला मालक झोपला तरी थुंकी न्यावी लागते. पगार नाही, सुटी नाही, तिवई नाही. 'नेईन' म्हणाली आणि प्रत्येक वेळी नेलं. प्रोकोपिसही जन्मभर 'ईन'मध्येच बोलत आला होता. अशी कामसू नळी याच्या गळ्यात कुणी घातली कोण जाणे. तसं पाहिलं तर माझी बहीणही त्याच्याच गळ्यात पडली होती.

डॉक्टरनं इफ्तेर्पीला सांगितलं होतं, "बाई, अजून थोडे दिवस असंच चाललं तर दोरासुद्धा जाणार नाही. मग नरसाळं शेवटपर्यंत."

"आणि ओतायचं कुणी?" तिनं विचारलं.

डॉक्टरनं तिच्याकडे बघितलं फक्त.

बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. प्लोमारी येईपर्यंत एकदाच बोलली. "दादा, कारखान्यात वड्या गुंडाळायला बायका घेताहेत का?"

"घेताहेत."

"मुकादमाला विचार."

मी विचारलं. ती आठवडाभरात कामाला लागली.

पहिल्याच सकाळी तिनं खुर्ची उचलून अंगणात, द्राक्षाच्या मांडवाखाली आणली. मांडव रस्त्याला लागून आहे आणि कारखान्याला जाणारा प्रत्येक माणूस तिथून जातो. तिनं खांबाला आरसा टांगला. शेजारी स्टुलावर तेल लावलेली सळई.

"इथं?" प्रोकोपिस म्हणाला. "लोकांच्या समोर?"

"खोलीत तुला जमत नाही. तुला लोक लागतात. ते आता येतीलच."

"तू माझी अब्रू घालवणार."

"सळई उतरल्याशिवाय नरसाळं नाही," ती म्हणाली आणि चुलीकडे गेली.

लोक आले. कुणाला काही सांगावं लागलं नाही, खुर्ची आणि आरसा पुरेसा होता. ख्रिसान्थोस कुंपणाला टेकला.

"काय उस्ताद, दाढी?"

"जा कामाला."

"जातो. उस्ताद काय चाखताहेत तेवढं बघून जातो."

"रबर आहे ते," दुसरा कुणी म्हणाला. "माझी सासू म्हणते गिळवत नाही त्याला. घाबरतो."

"कोण घाबरतो?" प्रोकोपिसनं सळई उचलली. ती जिभेच्या मुळाशी गेली, त्याला उमासा आला, डोळ्यांतून पाणी आलं, त्यानं ती बाहेर ओढली. लोक बघत राहिले. त्यानं परत घातली, परत ओढली. भोंगा झाला. लोक गेले. इफ्तेर्पीनं कमरेचं फडकं सोडलं, भिंतीवरचं नरसाळं काढून झग्याच्या खिशात घातलं आणि तीही निघाली.

"ए, माझं पोट?" तो मागून म्हणाला.

"रस्सा चुलीवर आहे. गरम आहे."

"नरसाळं नेतेस ते?"

"दुपारी सुटी होते. सळई उतरली की कारखान्यावर ये."

एरवी इफ्तेर्पीचं बोलणं ऐकणारा कान प्रोकोपिसकडे नव्हताच. पण भूक हा वेगळा मुकादम आहे. दुपारी आम्ही फाटकाबाहेरच्या भिंतीच्या सावलीत पाव आणि ऑलिव्ह घेऊन बसलो होतो, बायका एका बाजूला, बाप्ये दुसऱ्या बाजूला. चढावरून प्रोकोपिस येताना दिसला. एका हातात रश्श्याची किटली, दुसऱ्या हातात पिशवी.

तो सरळ इफ्तेर्पीसमोर जाऊन उभा राहिला. "ओत."

"सळई?"

"उतरली."

तिनं पिशवीतली सळई काढली आणि उन्हात धरली. "तेल पुसलेलं नाही."

बायकांनी तोंडाला रुमालही लावले नाहीत. त्या मोकळेपणानं हसल्या. एक म्हातारी म्हणाली, "अगं ओत गं बाई, नाहीतर इथंच रडेल."

"इफ्तेर्पी," तो दबक्या आवाजात म्हणाला, "लोक बघताहेत."

"म्हणूनच म्हणते. गीळ."

ती पावाचा तुकडा तोडून शांतपणे चावत होती. तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. मला वाटलं, आता हा किटली फेकणार आणि निघून जाणार, आणि सगळं संपणार. नरसाळ्याची जन्मठेप त्याला, म्हणजे तिला. मी उठायच्या बेतात होतो. पण तो गेला नाही. त्यानं सगळ्यांवरून नजर फिरवली. वड्या कापणारे, बादल्या वाहणारे, मुकादम, पहारेकरी. सगळ्यांच्या हातातला घास थांबला होता. इतक्या दिवसांत त्याला असे प्रेक्षक मिळाले नव्हते.

त्यानं पिशवी खाली ठेवली. सदऱ्याचं वरचं बटण सोडलं. हात वर केला.

"बघा," तो म्हणाला.

त्यानं मान उचलली आणि सळई तोंडात घातली. उमासा आला, तो थांबला, नाकानं श्वास घेतला, गिळला. परत गिळला. सळई बोटाबोटानं आत सरकत होती. गळ्याच्या शिरा दोरीसारख्या फुगल्या. मध्ये ती अडली आणि त्याचा चेहरा काळा पडला, पण त्यानं ती ओढली नाही. तिथंच धरून ठेवली आणि परत गिळलं. अखेर ती त्या अरुंद जागेतून पार झाली, ते त्याच्या डोळ्यांवरून आम्हाला समजलं.

ओझं उचलणाऱ्या लोकांना ओझं उचललेलं कळतं. मलाही कळलं, आणि कबूल करायला मला बरं वाटत नाही. त्या माणसानं त्या दिवशी भरलेली बादली वर नेली. फक्त ती नेताना त्याला सगळा कारखाना उभा करावा लागला.

सळई काढल्यावर त्याच्या कपाळावरून घाम टपकत होता. ख्रिसान्थोस म्हणाला, "उस्ताद, तुमच्या अंगात पाणी आहे म्हणायचं."

इफ्तेर्पीनं त्याला पहारेकऱ्याच्या खोपटामागं नेलं आणि नरसाळं लावलं.

त्यानंतर त्यानं एकही दिवस चुकवला नाही. रोज सकाळी मांडवाखाली खुर्ची, आरसा, सळई. जाणारे-येणारे थांबायचे, चिडवायचे. तो हात वर करायचा. सळई जाड होत गेली. काही दिवसांनी तो कॉफीच्या दुकानात जाऊन गिळण्यावर व्याख्यान देऊ लागला. जीभ कशी ठेवायची, श्वास कुठं धरायचा. डॉक्टरला जे जमलं नाही ते आपण घरच्या घरी केलं, असं त्याचं म्हणणं. त्या व्याख्यानात सळया उकळणारीचा, तेल लावणारीचा, नरसाळं खिशात घालून नेणारीचा उल्लेख यायचा नाही. बाटली कोनाड्यात कुणी ठेवली याचाही नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "जुनं कशाला उगाळतोस, मेव्हण्या."

शेवटी डॉक्टरनं सांगितलं की आता पाव देऊन बघा. मऊ, रश्श्यात भिजवलेला. उतरला तर पुढच्या महिन्यात पोटाची नळी काढू.

ती सकाळ थंड होती. इफ्तेर्पीनं खोल ताटलीत पाव कुस्करला, वरून रस्सा ओतला आणि मांडवाखाली त्याच्यापुढं ठेवला. मी खांबाशी उभा होतो. ख्रिसान्थोस कुंपणाशी, आणि कामाला निघालेले आणखी काहीजण. त्यानं चमचा घेतला. पहिला घास बराच वेळ चावला, चावण्यासारखं त्यात काही नसताना. इफ्तेर्पी त्याच्या तोंडाकडे बघत नव्हती. ती गळ्याकडे बघत होती. तिचे हात ओले होते आणि ती ते पुसायचं विसरली होती.

त्यानं गिळला. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. त्याच्या छातीत कुठंतरी तो अडल्यासारखं झालं, त्यानं टेबलाची कड धरली. मग कड सोडली.

"गेला?" तिनं विचारलं.

त्यानं दुसरा चमचा भरला, तोंडात घातला, गिळला. तिसरा घास घेताना घाई केली आणि ठसकला, तरी तोही गेला. इफ्तेर्पीनं एकदम खाली बसून घेतलं, उंबऱ्यावर. तिनं चेहऱ्यावरून हात फिरवला.

प्रोकोपिसनं चमचा खाली ठेवला, ओठ पुसले आणि म्हणाला, "मीठ कमी आहे."

कुंपणापाशी कुणीतरी हसलं. इफ्तेर्पी हसली नाही, रागावलीही नाही. ती उठली, आत गेली, मिठाची वाटी आणली आणि त्याच्यापुढं ठेवली.

"घाल."

"चमचा?"

तेवढ्यात भोंगा झाला. तिनं डोक्याला रुमाल बांधला आणि रस्त्यावरच्या बायकांबरोबर कारखान्याकडे निघून गेली.

"मेव्हण्या," तो मला म्हणाला, "मिठाचा चमचा कुठं असतो रे?"

मला ठाऊक होतं. मी सांगितलं नाही.